डाव्या टाचेचा उशीर

चार मिलिमीटरची एलन-की, काटकोनात वाकलेली, आखूड टोकाला लाल दोरा बांधलेला... हा दोरा शिवशरणनं बांधलाय, किल्ली हरवू नये म्हणून, म्हणजे त्याला वाटतं चन्नाप्पाच्या घरात वस्तू हरवतात. बशीशेजारी ती पडली होती आणि चन्नाप्पा चहा प्यायचा सोडून तिच्याकडे बघत बसला होता. वीस वर्षांत अशा शेकडो किल्ल्या त्याच्या हातांतून गेल्या, एकीलाही कुणी दोरा बांधला नाही. काल संध्याकाळी जाताना शिवशरणनं ती अलगद त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "आण्णा, गुडघ्याच्या मागं बारका स्क्रू हाय. आवळला की पाऊल उशिरा म्होरं येतंय, ढिला केला की लवकर. मी लावलंय तसं बरं हाय, पण अर्धा आटा हिकडं-तिकडं तुमास्नी वाटलं तर करा. तुमच्यापुढं मी काय सांगणार?" काय सांगणार म्हणे! सगळं सांगून झालं, दोरा बांधून झाला, वर हा नम्रपणा.

आतून पावलं ऐकू आली. विद्याश्री स्वयंपाकघरातून देवघरात चालली होती, भिंतीला हात न लावता. पंधरा दिवस तिच्या डाव्या पायात शिवशरणनं केलेला गुडघा होता, आणि उद्या, मंगळवारी, मिरजेच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात जाऊन सांगायचं होतं की कुठला गुडघा कायमचा बसवायचा — तिच्या नवऱ्यानं केलेला की त्याच्याच हाताखाली शिकलेल्या फिटरनं केलेला. डॉक्टर म्हणाले होते, घरी ठरवून या. घरी ठरवायचं म्हणजे चन्नाप्पानं ठरवायचं, कारण विद्याश्रीला विचारलं की ती म्हणायची, "तुम्ही म्हणशिला तसं." म्हणजे शिवशरणचा गुडघा बरा, हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं. उद्या, मिरजेला, चार लोकांत.

देवघराचं दार अर्धं उघडं होतं. ती खाली बसली होती — जमिनीवर, मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळावर विभूती ओली. तीन वर्षं ती स्टुलावर बसून पूजा करत होती आणि चन्नाप्पाला ते दिसत होतं, पण आता हिनं स्टुलावरच बसायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शिवशरणनं गुडघ्याच्या वर एक फिरती चकती घातली. बटण दाबलं की पाय आडवा वळतो, मांडी घालता येते. चकती! सहाव्या यत्तेतल्या पोराला सुचेल. मला नाही सुचली... आणि मला कशी सुचावी, तिनं कधी तोंडातून काढलं का, की स्टुलावर बसून लिंगपूजा करायला जिवावर येतं म्हणून? त्याला सांगितलं. तो माप घ्यायला आला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

भिंतीतल्या फळीवर चन्नाप्पाचे पाच गुडघे ओळीनं ठेवलेले होते, प्रत्येकावर खडूनं महिना आणि साल, पहिला जून सत्त्याण्णवचा. पहिला नुसता बिजागरीसारखा होता, एका खिळीवर वाकणारा, दाराला लावला असता तर शोभला असता. मग कळलं की माणसाचा गुडघा बिजागरी नव्हे. वाकताना हाडावरून हाड थोडं लोळतं, थोडं घसरतं, आणि ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो बिंदूच जागचा हलतो. हे कळण्यासाठी त्यानं काय काय केलं! डॉक्टरांची पुस्तकं आणली, क्ष-किरणांच्या फिल्म खिडकीला चिकटवल्या, आणि एकदा खाटकाकडून बकऱ्याचा गुडघा आणला. लिंगायताच्या घरात बकऱ्याचा गुडघा! वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून, विद्याश्रीला कळू नये म्हणून अंगणापलीकडच्या त्याच्या लेथच्या शेडमधल्या भंगाराच्या पेटीत ठेवला, दोन दिवस दाराला आतून कडी लावून तो वाकवून बघितला, आणि तिसऱ्या दिवशी वासानं सगळं बाहेर पडलं. विद्याश्री कुबड्यांवर दारात उभी राहून पोट धरून हसली होती. अपघातानंतर ती हसली ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्या बकऱ्याच्या गुडघ्यातून चार कड्यांचा गुडघा निघाला — चार कड्या माझ्या, शिवशरणच्या नव्हेत. ड्रॉइंग माझं. त्यानं ते माझ्यासमोर बसून उतरवून घेतलं आणि मी मूर्खासारखा त्याला कोन समजावून देत बसलो.

अपघात तो फारसा आठवत नसे, म्हणजे आठवायला लागलं की उठून काहीतरी करत असे. कागलहून येत होतो. स्कूटर मी चालवत होतो. हायवेवर खडी सांडलेली, मी घसरलो, ती डाव्या अंगाला पडली आणि मागून ट्रक आला... मला कोपराला खरचटलं. बस, खरचटलं.

आणि प्रत्येक नवा गुडघा घालून ती अंगणात एक फेरी मारायची, चन्नाप्पा विचारायचा, "कसा हाय?" आणि ती म्हणायची, "चांगलाय की." पाचही वेळा. "चांगलाय की." तो खूश व्हायचा. महिन्याभरानं गुडघा फळीवर जायचा आणि ती पुन्हा कुबड्या घ्यायची, का घेतेस म्हटलं तर "आज जरा कटाळा आलाय" म्हणायची, आणि तो ते खरं मानायचा.

अकराच्या सुमारास शिवशरण आला. सोमवार, उद्यमनगराची सुट्टी, सगळे पट्टे बंद, त्यामुळं त्याची मोटारसायकल कोपऱ्यावर वळल्यापासून ऐकू आली. आता त्याचं शिरोलीला स्वतःचं वर्कशॉप आहे, खिशाला दोन पेनं असतात. सहा वर्षं ह्याच शेडमध्ये कानस घासली त्यानं, पण वागण्यात काही बदल नाही, वाकून नमस्कार, "आण्णा, बरं हाय न्हवं?" — बदलला असता तर किती बरं झालं असतं, चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"वैनी, शेडच्या दारापतूर जाऊन या बघू. घाई न्हाई."

ती निघाली. घराच्या पायरीपासून अंगण ओलांडून शेडपर्यंत तीस-बत्तीस पावलं. शिवशरण उकिडवा बसून तिच्या पावलांकडे बघत होता आणि चन्नाप्पा शिवशरणच्या डोळ्यांकडे. डोळ्यांत काही वाईट नव्हतं. तेच तर... वाईट असतं तर धरता आलं असतं. तो बघत होता तसा चांगला कारागीर बघतो, पापणी न लववता.

ती परत येऊन पायरीवर बसली आणि लगेच बोलायला लागली. "शिवशरण, हितं वरच्या कडंला टोचतंय बघ. आनि चढताना जरा गपकन येतंय. आनि घाम आला की वास मारतोय रे." तीन तक्रारी. पाच मिनिटांत तीन. बोट लावून दाखवत होती, कपाळाला आठ्या घालून, हक्कानं, भाजीवाल्याशी भांडावं तशी. आणि शिवशरण "व्हय वैनी, करू की" म्हणत कागदावर लिहून घेत होता.

चन्नाप्पानं विचारलं, आणि विचारताना आवाज साधा ठेवला. "शिवा, कड्या माझ्याच हायत. कोन माझेच. मग पाऊल पडायचा हा मेळ कुठनं आणलास?"

"मेळ?" शिवशरणनं मान वर केली. "त्यो वैनींचाच हाय की, आण्णा. पूर्वीचा. तुम्ही डावा पाय उजव्याबरूबर लावलाता, अगदी घड्याळावानी. पर वैनींचं तसं न्हवतं. डावी टाच जरा उशिरा उचलायच्या, आनि पाऊल वाईच भाईर पडायचं. एक वाजला की डबा घेऊन यायच्या न्हवं अंगणातनं? सा वर्षं रोज बघिटलंय. ते ध्यानात हुतं, तसा लावला."

"मला कसं म्हाईत न्हाई?" हे मी बोललो का मनात म्हणालो, कळलं नाही. पण बोललोच असणार, कारण शिवशरण हसून म्हणाला, "तुमची लेथ भित्तीकडं. तुमची पाठ असायची की दाराकडं. माझं बाकडं दारासमोर."

"अगं बाई," विद्याश्री म्हणाली, "अशी चालत हुतो व्हय मी? मलाच म्हाईत न्हाई." आणि ती हसली. बकऱ्याच्या गुडघ्याच्या दिवसासारखी नाही, वेगळीच, आपला जुना फोटो कुणाच्या घरी सापडावा तशी. चन्नाप्पाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या ह्या हसण्यानं.

शिवशरण गेला. केंद्रातल्यांनी सांगितलं होतं, दोन तास चाललं की अर्धा तास पाय काढून ठेवायचा. विद्याश्रीनं तो काढून सोप्याच्या भिंतीला टेकवला आणि आत जाऊन आडवी झाली. चन्नाप्पा त्याच्यासमोर बसला आणि आठवायला लागला. लग्नातली चाल... मान खाली, मुंडावळ्या, पायातली नवी जोडवी — जोडवी आठवतात, चाल नाही. गगनबावड्याला गेलो होतो, धुकं, तिनं चप्पल हातात घेतली होती — चप्पल आठवते, पट्टा तुटलेला होता. डबा आठवतो, कुठल्या दिवशी कुठली भाजी तेसुद्धा सांगता येईल, वरच्या खणात शेंगदाण्याची चटणी. सगळं आठवतं, आणि ह्या सगळ्याला घेऊन येणारी बाई कशी चालायची ते नाही. पुस्तकं बघितली, फिल्म बघितल्या, बकरं बघितलं. सतरा वर्षांच्या संसारात ही चालताना बघितली नाही. आणि बघितली कुणी? दुसऱ्यानं. फुकट. भाकरीची वाट बघता बघता.

असा राग आला की त्यानं बशीशेजारची किल्ली उचलून आणली. कुणाचा राग, ते त्या वेळी सांगता आलं नसतं. किल्ली स्क्रूत बसवली. अर्धा आटा, त्यानंच परवानगी दिलीय, मी काही चोरी करत नाही... अर्धा आटा आवळला. मग आणखी अर्धा. ह्याची परवानगी नव्हती. उद्या केंद्रात ती चालेल, पाऊल उशिरा येईल, डॉक्टर मान हलवतील. कुणाला काय कळणार आहे? किल्ली मुठीत घेऊन तो उठला आणि शेडमध्ये जाऊन लेथपुढे उभा राहिला, दाराकडे पाठ करून, सवयीनं.

शेड गप्प होती. पूर्वीही एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना तो मोटर बंद करायचा, पट्टा फरफरत थांबायचा, आणि असंच गप्प व्हायचं. तो लेथच्या लोखंडी बेडवरून उगाच हात फिरवत होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

आणि अंगणात पावलं वाजली.

एक क्षण त्याला वाटलं, ही आठवण आहे. पण डब्याची कडी किणकिणत होती. ती डबा घेऊन येत होती... सुट्टीच्या दिवशी, कारण नसताना, तीन वर्षांनी, आपण होऊन. उजवा. डावा. उजवा... डावा. नाही. चुकलं. एवढा उशीर नव्हता तिचा. तिचा उशीर एवढासा होता, श्वास घ्यावा एवढा, आणि मग टाच, आणि मग जोडवं फरशीला हलकं लागायचं. मला माहीत होतं! डोळ्यांना नाही, पण कानांना सहा वर्षं माहीत होतं, रोज एक वाजता पाठीला ऐकू येत होतं, आणि ते मला आज कळतंय, मी मोडून ठेवल्यावर. उजवा... आणि डावा कुठाय? उंबरा. दाराचा उंबरा चार बोटं उंच आहे, पाऊल वेळेवर वर आलं नाही तर ती तोंडावर पडेल —

तो गर्रकन वळला. तिनं चौकट धरली होती. दुसऱ्या हातात डबा. कंबर उचलून, ओठ दाबून, तिनं तो पाय उंबऱ्यावरून ओढून आत घेतला आणि हसली.

"म्हटलं, बघावं येतंय का," ती म्हणाली.

"कसा हाय?" चन्नाप्पानं विचारलं.

"चांगलाय की."

सकाळी ह्याच पायाच्या तिनं तीन तक्रारी केल्या होत्या. आता तो पाय तिला ओढावा लागला, तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि ती म्हणत होती, चांगलाय. सहाव्यांदा. तिची नजर त्याच्या मुठीवर गेली. मुठीतून लाल दोरा लोंबत होता. तिनं तो बघितला, चांगला बघितला, मग शिवशरणच्या जुन्या बाकड्यावर बसून डबा उघडला. "जेवा. वांगं गार व्हतंय."

चन्नाप्पा तिच्या पायाशी खाली बसला. किल्ली स्क्रूत घातली. "जड जातंय?"

"न्हाई वो."

"दुखतंय कुठं? टोचतंय?"

"न्हाई म्हटलं न्हवं?"

शिवशरणला तिची चाल मिळाली होती, मिळू दे. पण त्या आठ्या, ते बोट लावून दाखवणं, "वास मारतोय रे"... ते सगळं मला हवं होतं, मला, स्कूटर मी चालवत होतो, तर तक्रार माझ्याकडे यायला नको? एकदा म्हण की, विद्या. काय करून ठेवलंय हे, म्हण. डोळे फुटलेते व्हय तुमचे, म्हण. ती बोलल्याशिवाय हा स्क्रू मी सोडवणार नव्हतो, आणि सोडवल्याशिवाय तिला घरापर्यंत जाता येणार नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. किल्लीला धरलेला हात तसाच राहिला. वर तिनं भाकरी मोडली, त्यावर वांग्याची फोड ठेवली आणि अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. पाय तिनं मागं घेतला नाही. बोललीही नाही.