चारनळी

लालासाहेबाची गाडी ओढ्याच्या फरशीवर आली की इकडं ओट्यावर आबांचा हात फेट्याकडं जायचा. गाडी अजून वळणाआड असायची, आणि वळणाअलीकडं आली तरी आबांना काही दिसणार नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणूस समोर उभा राहिला तरी नुसती सावली. पण आबांनी, म्हणजे आकाराम हवालदारांनी, पलटणीत उभी हयात ट्रक हाकले होते, त्यांचे कान शाबूत होते. "लाला आला," म्हणत ते फेटा गुंडाळायचे, काठी टेकत पायऱ्या उतरायचे आणि धाकट्या लेकाला घ्यायला थेट रस्त्यापर्यंत जायचे.

थोरला मानसिंग हे सगळं गोठ्याच्या दारातनं बघायचा आणि आतल्या आत जळायचा.

जळणारच की. लाला सांगलीला विश्रामबागेत बंगला बांधून राहिलेला, मोठा ठेकेदार. महिन्यातनं एखाद्या रविवारी तासगावची द्राक्षं घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि दिवस मावळायच्या आत परत. आबांच्या डोळ्यातलं औषध, आंघोळीचं पाणी, रात्रीचा खोकला हे सगळं मानसिंगच्या वाट्याला. तोही रोज संध्याकाळी कारखान्यावरनं गाडीनंच घरी यायचा, पण त्याच्यासाठी फेटा कधी हलला नाही. तो दारात पाऊल टाकायचा तेव्हा आबा ताटावर बसलेले असायचे. भाकरी कुस्करताना मान वर करायची नाही, 'आलास का' म्हणायचं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं, पण बापाच्या दारातच हा अनुभव यावा याचं मानसिंगला फार लागायचं.

मत्सराला धरायला काहीतरी खुंटी लागते. मानसिंगला ती गाडीच्या आवाजात सापडली. दोघांच्याही गाड्या फियाटच. मानसिंगची कराडच्या एका डॉक्टरानं वापरून विकलेली, इंजिनाला बिडाचा जुना, जड एक्झॉस्ट. चारी सिलिंडरांचा धूर त्या एकाच नळकांड्यात कोंबलेला. गाडी फरशीवर आली की टकटक करायची. लालानं मात्र पुण्याहून एक नवी चीज बसवून आणली होती. चार सिलिंडरांना चार वेगळ्या वाकवलेल्या नळ्या, आणि त्या खाली जाऊन एकीत मिळालेल्या. तो तिला हेडर म्हणायचा, गाव चारनळी म्हणायचं. भरल्या विहिरीत घागर बुडवावी तसा घुमणारा आवाज यायचा तिचा. म्हातारा लेकासाठी उठत नाही, त्या आवाजासाठी उठतो, असं मानसिंगनं मनाशी ठरवून टाकलं. स्वतःची समजूत घालायला ते बरं होतं.

त्यानं कोल्हापुरातल्या एका कारागिराला गाठलं आणि लालाच्या गाडीला आहे हुबेहूब तशी चारनळी करून घेतली. बायकोला, बनुबाईला, सांगितलं की हिनं पेट्रोल वाचतं. ते साल पेट्रोल महागल्याचं होतं, त्यामुळं थाप खपली. आबा चार दिवस लेकीकडं, लीलाबाईकडं औंधला गेले, यमाईचं दर्शनही होईल म्हणून. ती संधी साधून मानसिंगनं रविवारी कारखान्याचा फिटर जोतीराम याला घरी बोलावलं.

गोठ्यापुढं गाडीची पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली. जुन्या एक्झॉस्टच्या नटांना आदल्या दिवसापासून रॉकेल पाजून ठेवलं होतं, तरी शेवटचा नट हलेना. त्याला स्टोच्या जाळानं तापवला तेव्हा कुठं तो सुटला, आणि सुटताना मानसिंगच्या बोटांची सालटी काढून गेला. रक्त धोतराला पुसत तो पुन्हा गाडीखाली शिरला. इतकी मेहनत त्यानं उसाच्या लागणीला केली असती तर आबांनी शाबासकी दिली असती.

जोतीरामनं बिडाचं ते धूड उजेडात धरून फिरवून बघितलं. त्याला एका बाजूनं केसासारखी चीर गेली होती.

"मालक, टकटक हितनं येत हुती. पितळंची झाळ दिली तर आजून धा वरसं चालंल," तो म्हणाला. "गाडीला काय धाड भरली न्हाई. मग ह्यो कुटाणा कशापायी?"

मानसिंगनं ते धूड गोठ्यात वैरणीमागं ढकललं. इंजिनाच्या अंगाला चिकटलेलं जुनं पॅकिंग पटाशीनं खरवडलं, नवं बसवलं आणि चारनळी वर धरली. एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासत होती. ती तापवून जराशी दाबून घ्यावी लागली. मग जोतीरामनं आधी मधले नट आवळले, नंतर कडेचे, पुन्हा सगळे एक एक फेर. गाडी चालू केली तशी नळ्यांवरचा नवा रंग जळून धूर झाला. धूर विरला आणि तो आवाज आला. तोच, विहिरीतल्या घागरीचा. बनुबाई चुलीपासून उठून दारात आली आणि पदर सावरत म्हणाली, भावजी आले वाटतं. मानसिंग खूश झाला. आबांपुढं यातलं अक्षरही काढायचं नाही, अशी त्यानं तिला ताकीद दिली.

सोमवारी दुपारी आबा एस.टी.नं परत आले. संध्याकाळी मानसिंग कारखान्यावरनं निघाला. फरशीवर त्यानं मुद्दाम गाडी रेटली. वळण घेतलं आणि बघतो तर ओट्यावर आबा उठलेले. फेटा डोक्यावर चढला होता. काठी टेकत ते पायऱ्या उतरत होते, थेट रस्त्याकडं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा मानसिंगसाठी घडत होतं. त्याच्यासाठी नाही हे माहीत असूनही त्याला ते गोड लागलं.

आबांनी चाचपडत त्याचा दंड धरला. "लाला, आज सोमवारचा कसा आलास रं?"

मानसिंग नुसता हुंकारला. आवाज फुटला असता तर सोंग उघडं पडलं असतं, आणि आणखी घटकाभर तरी त्याला लाला व्हायचं होतं. आबांनी त्याला ओट्यावर बसवलं, पण स्वतः बसले नाहीत. तोंड फरशीच्या बाजूलाच लावून उभे राहिले.

"आलाच हाईस तर एक काम कर," ते म्हणाले. "गाडी घिऊन जरा कारखान्याच्या वाटंनं बघून ये. दिवं लागलं, मानसिंगा आजून आला न्हाई. त्याच्या गाडीची टकटक फरशीवर वाजली की मी सुनंला वाढ म्हणतो. ती वाजल्याबिगर माज्या नरड्याखाली घास उतरत न्हाई."

"तू घटकाभराचा पाव्हणा, तुला उठून घ्याया लागतं," आबा पुढं म्हणाले. "तो आला की घर जाग्यावर आल्यावानी वाटतं. जा लवकर, मला काय चैन पडंना."

गोड लागलेलं सगळं मानसिंगच्या तोंडात कडू झालं. रोज दिसणारं ते ताट, ती खाली घातलेली मान, त्याच्या डोळ्यांपुढनं सरकली. आपण कशाचा हेवा करत होतो याची त्याला भयंकर लाज वाटली.

"आबा," तो म्हणाला, "मी मानसिंगच हाय."

आबांचा हात त्याच्या तोंडावरून फिरला, मिशीपाशी थांबला. "मग टकटक का न्हाई आली?"

"नळी बदलली गाडीची."

फेटा उतरवून आबांनी खुंटीला लावला आणि आत तोंड करून सुनेला हाक दिली, "वाढ गं." मग भिंत धरत जाऊन ताटावर बसले आणि भाकरी कुस्करायला लागले. मान काही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मानसिंग कारखान्यावर गेला नाही. जोतीरामला सकाळीच बोलावणं धाडलं. वैरणीमागचं बिडाचं धूड त्यानं स्वतःच ओढून काढलं, पुसलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. जोतीरामनं कपाळाला हात लावला. परवाचं सगळं उलटं करायचं म्हणजे पुन्हा तेच ओंडके, तेच नट. मग तो म्हणाला, काढलंच आहे तर आता चिरीला झाळ देऊन घेऊ, कायमची टकटक जाईल.

"नगं," मानसिंग म्हणाला. "चीर तशीच ऱ्हाऊ दे."