दोनदा अपेंडिक्स

"अपेंडिक्सच हो, दुसरं काय असणार," सासूबाईंनी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना ठणकावून सांगितलं, आणि पलंगावर पडलेल्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

मास्तरीणबाईंनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेलं. "पण ते मागच्या वर्षीच काढलं ना? माणसाला एकच असतं."

"थोडं राहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. पापणीही लवली नाही.

सून पंखे दुरुस्तीच्या दुकानात जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची. मान मोडून काम करणारी, बोलायला कमी. हे अपेंडिक्स तिने वर्षभर मुकाट्याने गिळलं होतं. दुकानात तेच, माहेरी तेच, जिन्यात कुणी विचारलं तरी तेच. त्यामुळे रडायचीही चोरी झाली होती, कारण अपेंडिक्ससाठी कोण रडतं? आज मात्र डोक्यावरून पाणी गेलं.

"बाई, गर्भ होता," ती म्हणाली. "पिशवीत उतरलाच नाही, नळीतच वाढला. मागच्या खेपेला डावी नळी काढावी लागली. आता उजवी फुटली, तीही गेली."

"अगं, होईल पुन्हा. तरुण आहेस तू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"जळकी मोटार मी पुन्हा गुंडाळते हो. हे तसं नाही. आता झालंच तर डॉक्टरांनी बाहेर तयार करून आत ठेवायचं. आपोआप काही होणार नाही."

मास्तरीणबाईंनी अर्धा चहा तसाच ठेवून काढता पाय घेतला.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांड्यांची आदळआपट सुरू झाली. सुनेचं डोकंच फिरलं. टाक्यांवर हात दाबून, भिंत धरत ती आत गेली. आज एक घाव दोन तुकडे करायचेच होते.

"आई, एवढी लाज वाटते तुम्हाला माझी?"

सासूबाई पाठमोऱ्याच राहिल्या. घासून झालेलं पातेलंच त्या पुन्हा घासत होत्या.

"लाज कसली डोंबलाची," त्या म्हणाल्या. "नातवंडं गेली म्हणायला तोंड उघडत नाही माझं. अपेंडिक्स म्हटलं, की निदान बोलता तरी येतं."

"आणि मी? मी कुणाशी बोलायचं?"

सासूबाईंनी नळ बंद केला. कोपऱ्यातलं स्टूल ओल्या हातांनीच सुनेकडे सरकवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."