क्रेनखालचं वर्तुळ

वस्तादाचा थोरला मुलगा "या देशात काही धड होत नाही" म्हणून ज्या वर्षी परदेशी गेला, त्याच वर्षी कारखान्यात पहिली संपूर्ण देशी क्रेन उभी राहिली. वस्ताद तिथला सगळ्यात जुना वेल्डर. हुक ज्या पोलादी चौकटीला लटकतो, तिचे चारही सांधे त्याने स्वतः जोडले होते. चाचणीचा फोटो थोरल्याला पाठवायचा, अक्षरसुद्धा लिहायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

कारखान्यात एक जुनी रीत होती. फरशीवर खडूने वर्तुळ काढायचं, नव्या क्रेनने पहिला भार उचलून त्यावर आणायचा आणि सांधे जोडणाऱ्याने खाली उभं राहायचं. वस्ताद सात वेळा उभा राहिला होता. पण त्या सातही क्रेनचं पोलाद परदेशातून आलेलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची धाकटी मुलगी त्याच्याकडे आली. ती तिथेच तपासणी खोलीत कामाला होती. सांध्याला लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड फवारायची. भेग असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

"बाबा, तिसऱ्या सांध्यावर रेघ आलीय. बोटभर."

"नीट पुसलं नसशील."

"तीनदा पुसलं."

"मग चौथ्यांदा पूस!"

"साहेबांनाही सांगितलं. म्हणाले, पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, नंतर बघू."

वस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक नावं ठेवून गेला. आता तू इथे राहून ठेव!"

"दादाला इथलं काही सुधारेलसं वाटत नव्हतं, म्हणून तो गेला. मला वाटतं, म्हणून तर सांगतेय."

वस्तादाने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या मांडल्या, पाहुणे बसले. क्रेन चालवायला वस्तादाचा मेहुणाच होता. वरच्या केबिनमधून तो ओरडला, "भावजी, भांग नीट पाडा, फोटो परदेशी जाणार आहे!" सगळे हसले. वस्ताद ऐटीत वर्तुळाकडे निघाला, तोच धाकटी त्यात जाऊन उभी राहिली.

"हा काय चावटपणा? हो बाहेर!"

"तुम्हाला खात्री आहे ना? मग तुम्ही काय आणि मी काय."

"वा! पुढची पिढी!" पाहुण्यांतले एक मोठे साहेब म्हणाले. फोटोवाला पुढे सरसावला.

स्वतःच्या जिवावर वस्तादाने डोळे मिटून पैज लावली असती. आता मात्र धाकटीच्या बुटांची टोकं खडूच्या रेषेला टेकलेली दिसली.

"थांबव रे!" त्याने वर हात केला. "खाली कोणी उभं राहणार नाही."

"वस्ताद, पाहुणे बसलेत," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"बसू देत. माणूस उभं राहिल्याने लोखंड बळकट होत नाही."

त्याने धाकटीला मनगट धरून ओढत भिंतीपाशी नेलं. "म्हातारा घाबरला," मागून कोणीतरी पुटपुटलं. साहेबांनी लाल चेहऱ्याने इशारा केला. वीस टनांचा ठोकळा उचलला गेला, सरकत रिकाम्या वर्तुळावर आला आणि थांबला.

एक मिनिट गेलं. मग काचेचा पेला तडकावा एवढाच आवाज झाला.

पायाखालची जमीन हादरली. धूळ खाली बसली तेव्हा वर्तुळ नव्हतं, ठोकळा वीतभर फरशीत रुतला होता. पाहुण्यांची तोंडं हलत होती, पण वस्तादाला क्षणभर काही ऐकू येईना. धाकटीचं मनगट त्याच्या मुठीतच होतं. मूठ उघडेना. शेवटी मेहुण्याने खाली येऊन एकेक बोट सोडवलं.

आता ती म्हणेल, बघा, सांगितलं होतं. वस्ताद वाट बघत राहिला. पण ती ओक्साबोक्शी रडत होती.

"आपली क्रेन मोडली हो बाबा."

ठोकळा पडला त्यापेक्षा वस्तादाला हा धक्का मोठा होता.

थोरल्याला फोटो गेलाच, रुतलेल्या ठोकळ्याचा. मागे वस्तादाने लिहिलं: "सांधा माझा होता. भेग तुझ्या बहिणीने पकडली. दुसरी करतोय."

दुसरी आठ महिन्यांनी झाली. चारही सांधे धाकटीने तपासले, वर्तुळ कोणी काढलं नाही. ती क्रेन अजून चालते.

वस्ताद त्यानंतर अकरा वर्षांनी, एका सकाळी, घरी खुर्चीत बसल्या बसल्या वारला.