पाठीत पाच थापा

सदूच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा पोशीरमधल्या निम्म्या बायकांनी मनातल्या मनात म्हटलं, सुटली बाई चिंधी. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. आता कसला मारतोय! पण देवाचा हिशेब कधी सरळ असतो का? मारायचा हात उजवा, आणि तो शाबूत राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अर्धाच जळला होता.

आणि त्या हातात काठी कुणी दिली, तर खुद्द त्याच्या बायकोनं, चिंधीनं. दर बुधवारी समाजमंदिरात म्हाताऱ्यांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा आरोग्यवर्ग भरायचा. शिकवायला कर्जतहून अफरीन नावाची नर्स स्कूटीवरून यायची. तिनं वर्गातर्फे सदूसाठी चार पायांची काठी दिली आणि बजावलं, काठी चांगल्या हाताच्या बाजूला ठेवायची, पेशंटच्या हाताला लागेल अशी. चिंधी सांगितलेलं मोडणारी बाई नव्हे. ती रोज सकाळी खाटेच्या उजव्या अंगाला काठी नेमानं उभी करायची आणि दिवसातून दोन-तीनदा तीच काठी खायची.

त्या बुधवारी ती वर्गाला गेली तेव्हा कपाळावर ताजी खोक होती. पेजेसोबत सुका जवळा नव्हता, एवढंच कारण. खोपोलीला नोकरीला असलेल्या मुलाला, नवीनला, तिनं फोन केला तर तो म्हणाला, "आजारी माणूस हाय गं आई, जरा समजून घे." नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तर दाद मागायची कुणाकडे? वर्गातल्या बायकांनीही खोक पाहिली आणि नजर फळ्याकडे वळवली.

अफरीन सांगत होती, "वारं गेलेल्या माणसाला आडवं ठेवून काही पाजायचं नाही. पेज नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, घास लहान. आडवं पाजलंत तर श्वासनळीत जातं आणि माणूस हातचा जातो."

"किती येळात?" चिंधीनं विचारलं.

वर्गात खसखस पिकली. शेजारची अंबूबाई म्हणाली, "तुला कसली गं घाई?"

अफरीन हसली नाही. तिनं चिंधीच्या कपाळाकडे पाहिलं. "मावशी, वर्ग सुटल्यावर जरा थांबाल?"

"पडले वो मी मोरीत," चिंधी म्हणाली.

मग घास अडकला तर काय करायचं, ते सुरू झालं. "खोकत असेल तोवर खोकू द्या. आवाज बंद झाला की मात्र थांबायचं नाही. पुढे वाकवायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारायच्या. घास निघाला की बस." एका गोधडीची वळकटी करून तिच्यावर एकेकीनं हात चालवून बघितला. चिंधीची पाळी आली, तेव्हा तिचा हात पोराला थोपटावं तसा पडला. पुन्हा मारला, पुन्हा तसाच.

"अगं, भात झोडतीस तशी झोड की!" अंबूबाई ओरडली. सगळ्या हसल्या, चिंधीही शरमून हसली. पण हात काही उठेना. जन्मात तिनं कुणावर हात उगारला नव्हता. वर्ग सुटल्यावर ती थांबली नाही.

घरी आली तर सदू पेटलेलाच होता. "कुटं मेलीस, रांड?" वाकड्या तोंडातून शब्द धड निघत नव्हते, पण हा एक शब्द कसा कोण जाणे स्वच्छ यायचा. तिनं पेज ऊन केली, वाटी घेऊन खाटेशी आली आणि काठी तिच्या बोटांवर बसली. कडकन आवाज झाला. ऊन पेज पायावर सांडली.

ती आत गेली, पातेल्यातली उरलेली पेज वाटीत ओतली, बाहेर आली. आधी काठी उचलून अंगणात फेकली. मग त्याच्या मानेखालची उशी काढली, त्याला खांद्यांना धरून सपाट पाडलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर गुडघा रोवला. उशी काढली तेव्हा सदूला वाटलं होतं, ही ती नीट करतेय.

"गिळ," ती म्हणाली. आयुष्यभर त्याला अवो-जावो करणारी बाई.

तिनं अख्खी वाटी त्याच्या तोंडात ओतली.

तो खोकला. डोळे बाहेर आले. गुडघ्याखालचा हात माशासारखा तडफडू लागला. चिंधी भिंतीकडे बघत बसली. एवढंच तर करायचं होतं, भिंतीकडे बघायचं. मग रडायचं, नवीनला फोन लावायचा. गाव म्हणणार, सुटला बिचारा. तिला काहीच वाटत नव्हतं, फक्त मोडलेलं बोट ठणकत होतं.

आणि खोकण्याचा आवाज बंद झाला.

आवाज बंद झाला की थांबायचं नाही. चिंधी सांगितलेलं मोडणारी बाई नव्हे. तिनं त्याला उठवून बसवलं, पुढे ओणवं केलं आणि पाठीत थाप मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. चौथ्या थापेला भाताचा गोळा चादरीवर पडला आणि सदूनं घरघरत श्वास ओढला.

घास निघाला की बस, असं अफरीननं सांगितलं होतं. चिंधीचा हात थांबला नाही. पाचवी, सहावी, मग मोजदाद सुटली. ही पडलेल्या दाताची. ही नवीन पोटात असताना मारलेल्या लाथेची. ही भावाच्या दारात, भावजयीसमोर ओढलेल्या केसांची. ती भात झोडावं तशी झोडत राहिली, मोडलेल्या बोटासकट. दम संपला तेव्हा सदू गुडघ्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडत होता.

तिनं खाट फिरवली. चांगला हात भिंतीकडे केला आणि मोकळ्या बाजूला लुळा हात आणला.

संध्याकाळी पेज नव्यानं रांधली, घट्ट, सोबत जवळा भाजला. त्याला ताठ बसवून ठेवलं होतं, पाठीशी दोन उशा. ती वाटी घेऊन जवळ आली तशी सदूनं मान खाली घातली, खांदे आक्रसले आणि चांगला हात कोपरातून वाकवून डोक्यावर धरला.

चिंधी जागच्या जागी थबकली. तो हात तिच्या ओळखीचा होता. डोकं असं झाकायचं, कोपर असं बाहेर काढायचं, म्हणजे वार कोपरावर बसतो, हे तिला शिकायला किती वर्षं लागली होती. तिला आनंद झाला. खरंच झाला, आणि झाल्याचं कळताच ती एक पाऊल मागे सरली.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "मारत नाय मी."

त्यानं हात खाली घेतला नाही. ह्याच वाक्यावर विश्वास ठेवून आपण किती वेळा हात खाली घेतला होता, ते तिला आठवलं. ती खाटेच्या कडेला बसली. वाटीतली पेज निवून वर साय धरली, तरी सदूचा हात डोक्यावरच होता.