दार खरवडताना

आमचं गाव सरहद्दीवरचं. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या आणि जागेवरून न हलता चार राज्यांत नांदल्या. नवं सरकार आलं की रस्ता-पाण्याचं नंतर बघू, आधी घरांना नवे नंबर. दारावर नंबर, खाली मालकाचं नाव, दर सरकारचा रंग वेगळा. गावभर ते रंगवायचं काम मामंजींचं. ते गेले, म्हणून चौथ्या सरकारने नुसत्या पत्र्याच्या पाट्या ठोकल्या.

मग त्याच सरकारची नोटीस आली. पहिल्या राजवटीपासून घर तुमचंच आहे हे पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर खाली करा. कागद कुठले आणायचे? पहिल्यांचं सगळं दप्तर दुसऱ्यांनी जाळलेलं. आमचे हे म्हणाले, वकील गाठू. सासूबाईंनी स्वयंपाकघरातली सुरी गाठली आणि दारासमोर बसल्या.

मामंजी पेंटर म्हणून नावाजलेले, पण जुना रंग खरवडायचा त्यांना भारी कंटाळा. वरूनच थापायचे. त्यावरून सासूबाई जन्मभर त्यांना बोलल्या. आता नखाएवढा एकेक तुकडा काढत बारा दिवस बसल्या. मी शेजारी कोमट पाण्याचं फडकं घेऊन. पांढरा निघाला, मग हिरवा. मध्येच त्या पुटपुटल्या, आळशी मेला. आवाजात राग नव्हता. तेराव्या दिवशी पहिल्या सरकारच्या निळ्यावर सत्तावीसचा आकडा दिसला आणि खाली मामंजींचं नाव, ऐन तारुण्यातल्या अक्षरात.

मी नोटीस काढणाऱ्या साहेबांना बोलवायला गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, पुरावा कार्यालयात हजर करायचा असतो.

सासूबाईंनी लेकाला बिजागऱ्या काढायला लावल्या. बाजारातून आम्ही तिघं दार घेऊन निघालो. शिंपी दुकानातून म्हणाला, काकू, घर घेऊन कुठं? दाखवायला, त्या म्हणाल्या.

साहेबांनी नंबर पाहिला, नाव वाचलं, अंगठ्याने निळा रंग घासून पाहिला. घर तुमचंच, म्हणाले, पण पुरावा फाइलीला लागेल.

"फाइलीत बसवून दाखवा, मग ठेवा."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, फाइलीकडे पाहिलं आणि 'दार समक्ष पाहिले' असं लिहून कागदावर सही केली. तरी सासूबाई बाकावरून उठेनात.

"शिक्का राहिला. अन् कागदावर नको, तो जळतो. दारावर मारा."

साहेबांनी मारला. पुसट उमटला म्हणून सासूबाईंनी दुसऱ्यांदा मारायला लावला.