अकोल्याची झाल

श्यामच्या हातची काडीसुद्धा लेकीच्या, मायाच्या लग्नमांडवात येऊ द्यायची नाही, असं केशरबाईनं ठरवलं होतं. आणि केशरबाईनं ठरवलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

श्याम तिचा धाकटा दीर. पण तिचा नवरा मोतीराम वारला तेव्हा हा गडी कौंडण्यपूरच्या यात्रेत टोपल्या विकत बसला. निरोप पोचला होता, तरी आला तो थेट राख सावडायला. त्याच आठवड्यात केशरबाईनं अंगणाच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा केला आणि त्याची खरबरीत बाजू मुद्दाम दिराकडं केली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता उद्या लग्न. पाठवणीआधी दिवे लावलेली टोपली व्याह्यांच्या डोक्यावर ठेवायची, ती झाल. बुरुडाच्या घरात ती विकत आणायची म्हणजे नाक कापून घेणं. त्यांच्याकडची रीत अशी, की आईनं ती विणायची नाही. बापानं विणायची, बाप नसेल तर काकानं. गल्लीत बांबू चिरणारं तिसरं घर उरलं नव्हतं; बाकीचे कधीच प्लास्टिकच्या बादल्यांकडं वळले. केशरबाई मुकाट एसटीत बसली आणि अकोल्याच्या बाजारातून झाल घेऊन आली.

घरी येऊन तिनं काठावरून बोट फिरवलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वेढा डावीकडं वळलेला! असा वेढा तो डावखुरा श्यामच घालायचा. मेल्यानं टोपल्या विकायला अकोल्याचा बाजारही सोडला नव्हता.

तिनं कोयत्याच्या टोकानं काठ उसवायला घेतला. स्वतःच बांधीन, रीत गेली खड्ड्यात. पट्टी ताडकन तुटली आणि टोपलीचं तोंड फाकलं.

तट्ट्याच्या फटीतून श्यामचा आवाज आला, "वयनी, उलटं सोडून राहिली तू. दे इकडं, बांधून देतो."

"तुले कोनं इचारलं? भाऊ सरणावर होता तवा कुठं होते हे हात?"

"चुकलंच माहं. पन पोरीनं काय केलं?"

ती जास्तच चिडली. तिनं झाल तट्ट्यावरून भिरकावली. "बांध! अन् उद्या मांडवात दिसला तं तंगडं तोडीन."

संध्याकाळी झाल तट्ट्याखालून अलीकडं सरकली. मायानं ती उचलली, काठ निरखला.

"माय, हा तं काकाचा वेढा हाय."

"अकोल्याची हाय," केशरबाई खेकसली. तिचे डोळे भरून आले होते. "कोनी इचारलं तं असंच सांगजो."