तुरुंग न पाहिलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, तुरुंगाची. घाबरू नका मित्रांनो, खरा तुरुंग मी कधी पाहिलेला नाही. एका चित्रपटासाठी सुताराने मला बनवले. माझे पाच गज म्हणजे फरशी पुसायच्या पाच दांड्या. त्यांच्यावर रंगारीणताईंनी असा गंज रंगवला, की मला हात लावून तो सुतारच साबणाने हात धुऊन आला. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, तसे माझे आहे. मी स्वतः नकली, त्यामुळे माझा कुणावरच भरवसा नाही.

चित्रपटात एक जेलर होता. तो कैद्याला गोड बोलून धीर द्यायचा, पण ज्या चोरीसाठी कैदी आत होता, ती त्यानेच केलेली. कोठडीतल्या प्रसंगात प्रेक्षकांना त्याचा संशय यावा, एवढेच दिग्दर्शकसाहेबांना हवे होते. अडचण अशी, की जेलर झालेला नट चेहऱ्याने फारच सज्जन होता.

"ह्याला बघून लोक घराच्या किल्ल्या देतील," साहेब म्हणाले. "ताई, कोठडी भयंकर करा. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर उद्यापासून मी दुसरा रंगारी बघतो."

ताईंनी भिंतींवर ओल, शेवाळ, जळमटे सगळे रंगवले आणि मला कैद्याच्या डोक्यावर टांगले. झाले काय, तर सगळ्यांना कैद्याची दया आली आणि जेलर आणखीच देवमाणूस दिसू लागला. एवढ्या घाणीतही येतो बिचारा!

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी मला उतरवून एका दिव्यापुढे टेकवले आणि माझ्याकडे टक लावून बसल्या. आता ह्या मला मोडणार, मी ओळखले. पलीकडे तो नट जेलरच्या गणवेशात केळे खात होता. माझ्या गजांची सावली नेमकी त्याच्या तोंडावर पडली होती.

जाता जाता साहेब थांबले. "कुणाचं केळं हे?"

"माझंच आहे, साहेब."

"घरून आणलंत?"

"हो. आईने दिलंय."

"असं," साहेब म्हणाले, आणि दोन पावलांवर जाऊन त्यांनी पुन्हा वळून बघितले.

ताई ताडकन उठल्या. त्यांनी सगळे शेवाळ खरवडले, कैद्यामागची भिंत स्वच्छ पांढरी केली आणि मला दिव्यापुढेच ठेवले. आता कैदी उजेडात आणि जेलर गजांच्या सावलीत. संवादातला एक शब्द बदलला नाही. "घाबरू नकोस, मी आहे ना," जेलर म्हणाला, आणि रंगभूषेच्या बाईंनी हळूच आपली पर्स जवळ ओढली.

ताईंची नोकरी वाचली. माझेही कौतुक झाले. पडद्यावर मात्र मी कुठेच नव्हते. होती ती माझी सावली.

पुढे गोदाम. शेजारी तीन पायांचे सिंहासन, भिंतीला टेकून राजेपण सांभाळणारे. समोर तडा गेलेला आरसा. गोदामवाल्या काकांचा नियम सरळ होता: चित्रपटात दिसलेली वस्तू ठेवायची, न दिसलेली कापून लाकूड काढायचे. सहा वर्षांनी ते करवत घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"अख्ख्या चित्रपटात ही दिसत नाही. दोनदा बघितला मी," ते ताईंना म्हणाले. ताई रंगाचे डबे न्यायला आल्या होत्या.

त्यांनी वाद घातला नाही. मला उचलून दारातल्या उन्हात धरले. सावली काकांवर पडली.

"काका, ती करवत कुणाची?"

"गोदामाची. म्हणजे माझ्याकडेच असते. विचारा हवं तर कुणालाही." बोलता बोलता त्यांना आरशात स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा चेहरा दिसला. त्यांनी करवत पाठीमागे नेली. मग म्हणाले, "राहू दे ही."

मित्रांनो, जे दिसत नाही ते बिनकामाचे समजून मोडू नका. आणि पडद्यावर कुणी फार गोड बोलू लागले, तर सावली कुणावर पडली आहे तेवढे बघा.

काका हल्ली रोज माझी धूळ पुसतात. फार मायेने पुसतात, एकेक गज चाचपून. मी मात्र त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत असते.